आत्तीची पेन्सिल

(पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी कोल्हापुरात वाचकांच्या छोट्या मेळाव्यात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना खोकला, चहाचे कप आणि दोन फोन तेवढे गाळले आहेत.)

मंडळी, नमस्कार. एवढ्या पावसात तुम्ही आलात म्हणजे एक तर तुम्हाला वाचनाचा नाद आहे, नाही तर घरी टीव्हीचा रिमोट मिळत नाही. राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट झालं ते तुमच्यातले निम्मे लोक आत्ता मोबाईलवर बघतायत, मला इथून दिसतंय. बघा, बघा, लाजू नका. 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. मी त्याच्या आत उरकतो. 2019 च्या पुरात माझी पुस्तकांची दोन कपाटं गेली, त्यामुळे त्या आकड्यात माझाही जीव अडकलेला असतो. पुस्तक भिजलं की फाटत नाही, वाळल्यावर विटेसारखं घट्ट होतं. माझ्या एका इंग्रजी रहस्यकथेची शेवटची साठ पानं अशी चिकटली की खुनी आतच राहिला. बायको म्हणाली, "बरं झालं, जन्मठेप झाली त्याला."

पत्रिकेवर छापलंय 'रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबरी : एक तौलनिक अभ्यास'. ते संयोजकांचं. मी प्राध्यापक नाही, माझा तौलनिक म्हणून काही अभ्यास नाही. मी चौतीस वर्षं न्यायखात्यात काढली, त्यातली निम्म्याहून जास्त मुद्देमाल कारकून म्हणून. कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच हवं म्हणून इथल्या वकिलांनी चाळीसएक वर्षं भांडण काढलं, मोर्चे काढले, कामं बंद ठेवली, आणि सर्किट बेंच आलं 2025 च्या ऑगस्टमध्ये. मी 2019 ला रिटायर. आमचं टायमिंग हे असं.

मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू. कोयता, साडी, सायकल, एकदा तर नुसती एक चप्पल, कापशी, डाव्या पायाची. प्रत्येक वस्तूला खाकी कागद, सुतळी, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. चिठ्ठी गेली की वस्तू मेली. कोयता कोयताच राहतो, पण तो कुठं सापडला, कुणासमोर सापडला हे सांगणारं कुणी उरत नाही. मग तो ऊस तोडायच्या कामाचा. एका तालुक्याच्या गावी, नाव नको, चोरीच्या केसमध्ये गुळाचे सहा रवे जमा झाले. तारखा पडत गेल्या. दोन पावसाळे गेले. साक्षीच्या दिवशी मी पोतं उचलून कोर्टापुढं ठेवलं. सील शाबूत, चिठ्ठी शाबूत, पंचांच्या सह्या शाबूत, आणि आत काहीच नाही. तळाला एक भोक आणि चारदोन मेलेले मुंगळे. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मुंगळ्यांचा जबाब घेतलाय का?" हे पोतं लक्षात ठेवा, मला ते पुढं लागणार आहे.

तर माझं म्हणणं एका वाक्याचं आहे. ऐतिहासिक कादंबरी आपण रहस्यकथेच्या कायद्यानं तपासायला पाहिजे. रहस्यकथेला आपण हलकं समजतो, एसटीत वाचून सीटवर विसरून येतो, आणि ऐतिहासिक कादंबरीला कव्हर घालून देव्हाऱ्याशेजारी ठेवतो. पण वाचकाशी सचोटीनं कोण वागतं, हे बघायला गेलं तर उत्तर उलटं येतं. हे सिद्ध करायचं मी कबूल केलंय. करतो. पण त्याआधी आत्तीची गोष्ट सांगावी लागेल, कारण कल्पना मुळात तिची आहे.

1977 साल. मी सोळा वर्षांचा, राहायला मंगळवार पेठेत. आमच्या भागात एक खाजगी लायब्ररी होती. महिन्याला दोन रुपये वर्गणी, पाच रुपये डिपॉझिट. तिथं बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं रांगेनं लावलेली. आत्ताच्या पोरांना सांगायला पाहिजे, या माणसानं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड. आमची रात्र त्यांच्यावर निघायची. चाळीस वॅटचा दिवा, वर आजोबांचा दम, "लाईट बंद करा, मीटर काय तुमच्या सासऱ्याचा हाय का?"

एका रात्री असाच वाचत होतो. चौदाव्या पानावर एक सभ्य वकीलसाहेब दिवाणखान्यात प्रवेश करतात, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'ह्यानं'. एवढंच. ह्यानं. मी म्हटलं, असेल कुणाचं तरी काहीतरी. एकशे वीस पानं वाचून काढली. ह्यानंच.

दुसऱ्या पुस्तकात पान नऊ. घरचा जुना नोकर ट्रे घेऊन येतो, समासात 'ह्यानं'. तिसऱ्यात पान एकतीस, विधवा बहीण, 'हिनं'. लक्षात घ्या, शेवटच्या पानावर नाही, मलपृष्ठावर नाही. खुनी जिथं पहिल्यांदा पाऊल टाकतो, नेमक्या त्या ओळीसमोर. लिहिणाऱ्यानं आधी पुस्तक संपवलेलं, मग मागं येऊन ती ओळ शोधून काढलेली. हे चिडवणं नव्हतं, ही मेहनत होती.

माझं टाळकं सरकलं. दोन रुपये आमचे फुकट जात होते. मी वहीत यादी केली. अशी अकरा पुस्तकं निघाली. तेव्हा मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागद चिकटवलेला असायचा, त्यावर तारखेचा शिक्का आणि शिक्क्याशेजारी सभासद क्रमांक. अकराही पुस्तकांतले क्रमांक उतरवून घेतले. दहात असलेले दोघं-तिघं निघाले. अकरांत असलेला एकच, 212.

मी लायब्ररीवाल्यांना विचारलं, "212 कोण?" ते म्हणाले, "सभासदाची माहिती बाहेर द्यायची पद्धत नाही आमच्यात." काय रुबाब! समोर गिऱ्हाईक नाही, खुर्चीचा एक पाय विटेवर, आणि बोलणं स्विस बँकेचं. माझा पहिला संशय त्यांच्यावरच. दुसरा, चौकातल्या एका रिटायर्ड फौजदारावर, कारण त्यांना खुनाची गोडी असणार. हे दोन्ही संशय रहस्यकथा वाचून आलेले होते, त्यामुळे अर्थातच चुकीचे होते.

मग मी पाळत ठेवली. सलग दोन शनिवार समोरच्या सायकल दुकानाच्या पायरीवर बसलो. दुसऱ्या शनिवारी आमच्याच गल्लीत दूध घालणाऱ्याचा पोरगा आला, कॅनच्या पिशवीतून एक पुस्तक काढलं, दुसरं घेतलं. लायब्ररीवाल्यांनी शिक्का मारला, लिहिलं. मी मान लांब करून बघितलं. 212. तो सायकलवर, मी मागं. मिरजकर तिकटी, तिथून आत, आमचीच पेठ, आमचीच गल्ली, आमचंच घर. मागचं दार. दार उघडलं, दुधाचं पातेलं बाहेर आलं, दूध पडलं, आणि पातेल्याच्या झाकणाखालून पुस्तक आत गेलं.

माझी आत्ती. वडिलांची थोरली बहीण. आजोबांसमोर मान वर न करणारी, एकादशी-चतुर्थी पाळणारी, सकाळ-संध्याकाळ अंबाबाईला जाणारी. आजोबांना बायकांनी खुनाची पुस्तकं वाचलेली चालायची नाहीत, म्हणून तिनं चोरून सभासदत्व घेतलेलं. वर्गणी दुधाच्या हिशेबात बसवलेली. आमचं घर महिन्याला जेवढं दूध प्यायचं, त्यातलं दोन रुपयांचं दूध ही रहस्यकथा होती.

पण पोराच्या हातात पुस्तक सापडलं म्हणजे लिहिणारी तीच, असं होत नाही. कोर्टात मी नंतर गेलो, पण हे तेव्हाही कळलं होतं. खात्री पटली ती कॅलेंडरवरून. स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर, त्याला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, आणि प्रत्येक तारखेवर आत्तीच्या हातचे दुधाचे आकडे. 'दीड शेर'. आणि त्या 'दीड शेर'च्या डोक्यावरची रेघ! तुम्ही-आम्ही आधी अक्षर काढतो आणि मग वर रेघ मारतो. आत्तीच्या काळी शाळेत मोडी शिकवायचे. मोडी लिहिणारा आधी कागदभर लांब रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जातो. आत्ती बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहितानाही आधी रेघ ओढायची. त्यामुळे शब्द संपला तरी रेघ दोन बोटं पुढं निघून गेलेली असायची, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी. समासातल्या 'ह्यानं'ची रेघ अशीच पुढं गेलेली होती.

दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी यादी, पुस्तक आणि कॅलेंडरचं पान तिच्यापुढं ठेवलं. तिनं बघितलं, एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "हळू बोल. आबा झोपल्यात."

"आत्ती, अगं सगळी मजा जाते की!"

"कुणाची? माझी न्हाई जात." पुन्हा एक खडा. "कुणी मारला ते आधी ठावं असलं की खरी मजा. मग बघत बसायचं, बेणं कसं खोटं बोलतंय ते."

मी म्हटलं, "आणि लिहिणारा?"

"त्यो तर त्याच्याहून खोटा. त्याला पहिल्यापास्नं ठावं असतंय. कुठं दडवलंय त्यानं, ते हुडकायचं."

बसा टाळ्या वाजवत, पण हे वाक्य मी नंतर पुस्तकांवर लिहिलेल्या पुस्तकांतसुद्धा एवढं नेटकं वाचलेलं नाही. खुनी कोण हा पहिल्या वाचनाचा प्रश्न. लेखकानं आपल्याला कसं गंडवलं हा दुसऱ्या वाचनाचा. आत्ती थेट दुसऱ्या वाचनापासून सुरुवात करायची.

आता अलीकडचं वाचन. नाहीतर संयोजक म्हणतील, आत्तीच सांगितली.

रिटायर झाल्यावर मी रहस्य आणि इतिहास एकत्र आलेल्या कादंबऱ्यांच्या मागं लागलो. नातू मोबाईलवर मागवून देतो. अगाथा ख्रिस्तीनं एक रहस्यकथा थेट प्राचीन इजिप्तमध्ये नेलीय, 1944 सालची, काळ ख्रिस्तपूर्व 2000 च्या सुमाराचा. कथानक झकास, पण नाईलच्या काठावर सगळे अशा सुरात बोलतात की आता कुणीतरी बिस्किटं आणणार असं वाटत राहतं. सी. जे. सॅन्समची 'डिझोल्यूशन', 2003 ची. आठव्या हेन्रीचा काळ, 1537, मठ बंद करायला निघालेलं सरकार, आणि तपासाला पाठवलेला कुबडा वकील. मला हा वकील फार आवडला. घोड्यावर बसून पाठ दुखते, पायऱ्या चढून दम लागतो, लोक कुबडाकडे बघून कुजबुजतात, हे तो विसरत नाही आणि आपल्यालाही विसरू देत नाही. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत शंभर कोस दौड होते, पण घोड्यावरून उतरल्यावर मांड्या सोलवटल्यात असं कुणी म्हणत नाही.

उंबेर्तो एकोची 'द नेम ऑफ द रोझ', 1980 ची, मठातली, 1327 सालातली. ती मी दोनदा अर्ध्यात टाकली. लॅटिन फार. तिसऱ्यांदा नेटानं पुढं गेलो. आता ज्यांनी वाचली नसेल त्यांनी कान झाका, आत्तीचा वारसा आहे, राहवत नाही. त्यात पुस्तकाच्या पानांना विष लावलेलं असतं, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटणारा मरतो. आपल्याकडं हे झालं असतं तर शहरातली सगळी वाचनालयं एका आठवड्यात ओस पडली असती. तुम्ही पहिल्या रांगेतले, हसू नका, तुम्ही आत्ता पत्रिका तशीच उलटलीत.

सुजाता मॅसीची 'द विडोज ऑफ मलबार हिल', 2018. मुंबई, 1921. पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा, घरात पुरुषाला प्रवेश नाही, त्यामुळे आत जाऊन त्यांच्याशी बोलू शकेल अशी एकच व्यक्ती, पारशी वकीलीण. ही नायिका रचताना लेखिकेच्या डोळ्यांपुढं कॉर्नेलिया सोराबजी होत्या. आपल्या नाशिकच्या, 1866 च्या जन्माच्या, ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या बाई. कादंबरी काही ठिकाणी पर्यटकांना दाखवायची मुंबई दाखवते, पण तिच्यातलं कोडं कुठंही हलवता येत नाही. पडदा काढा, कादंबरी संपली. काळ नुसता दागिन्यांत आणि पदार्थांत नाही, कोड्याच्या गाठीतच आहे. याला म्हणतात ऐतिहासिक रहस्यकथा.

आणि या सगळ्यांची आजी म्हणजे जोसेफिन टेची 'द डॉटर ऑफ टाइम', 1951. एक इन्स्पेक्टर पाय मोडून दवाखान्यात पडलाय. वेळ जाईना म्हणून तिसऱ्या रिचर्डचं चित्र बघतो. हा तोच राजा, ज्यानं दोन लहान पुतण्यांना टॉवरमध्ये मारलं असं सगळं इंग्लंड मानतं. याला वाटतं, हा चेहरा खुन्याचा नाही. पलंगावरूनच तपास सुरू. आणि त्याला काय सापडतं? ज्या थोर थॉमस मोरच्या वृत्तांतावर सगळे विसंबून आहेत, तो मोर त्या घटनांच्या वेळी पाच-सहा वर्षांचं पोर होता! म्हणजे ऐकीव. आमच्या कोर्टात ऐकीव साक्ष आली की समोरचा वकील उभा राहतोच. तो कायदा 1872 चा होता, आता 2024 पासून त्याचं नाव बदलून साक्ष्य अधिनियम झालंय, पण ऐकीव ते ऐकीवच. ते पान वाचताना मी एकटाच घरात "ऑब्जेक्शन" म्हणून ओरडलो. बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच परत गेली.

पण टे बाईसुद्धा धुतल्या तांदळाची नाही हं. आत्तीच्या पद्धतीनं वाचलं की दिसतं, ती न्यायाधीश नाही, बचावाची वकील आहे. रिचर्डच्या विरुद्ध जाणारे कागद ती टेबलाच्या कडेला सरकवते. त्याचं व्यंग म्हणजे शत्रूंची बदनामी, अशी तिची भूमिका. 2012 मध्ये लेस्टरला गाड्या लावायच्या जागेखाली त्याचा सांगाडा सापडला आणि कणा खरोखरच वाकडा निघाला. तरी मी तिला सोडतो, कारण ती कागद दाखवून मग भांडते. तिच्याशी वाद घालायला तीच जागा देते.

आता आपल्या घरात या. मराठीत ऐतिहासिक कादंबरी 1871 पासून आहे, गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून. हरिभाऊ आपटे, नाथमाधव. आणि मग आपले. 'स्वामी' लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, 'मृत्युंजय' आणि 'छावा' लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातले, त्यामुळे इथं उभं राहून बोलताना मी जपून बोलतोय, आणि मला चालत घरी जायचंय. मी या पुस्तकांवर वाढलो, त्यांच्यावर रडलोय. 'स्वामी'चा शेवट मी आजही घरात माणसं असताना वाचत नाही.

आत्तीनं ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायला घेतल्या त्या आबा गेल्यानंतर, उजळ माथ्यानं. आणि तिथंही पेन्सिल आली. पण आता समासात नाव नव्हतं. नाव कशाला? ऐतिहासिक कादंबरीत खुनी पहिल्या पानावरच लिहिलेला असतो, आपण चौथीच्या पुस्तकातच ते शिकलेलो असतो. 'पानिपत' उघडणाऱ्याला लढाई कोण हरणार हे ठाऊक असतं. 'स्वामी' उघडणाऱ्याला ठाऊक असतं की माधवराव जाणार. मग आत्ती काय लिहायची? लांब रेघ, आणि खाली लटकवलेले तीन शब्द. 'ह्याला कुणी सांगितलं?'

कुठं लिहायची तेही सांगतो. राजा आणि राणी महालात आहेत. दासी समई लावून गेली. दार लोटलं. पहारेकरी बाहेर. आणि पुढं चार पानं संवाद, डोळ्यांतल्या पाण्यासकट. 'ह्याला कुणी सांगितलं?' साक्षीदार कोण, समई? रहस्यकथेत बंद खोलीतला खून असतो, आणि लेखक जीव तोडून सांगतो की खुनी आत कसा गेला. आपल्याकडं बंद खोलीतला संवाद असतो, आणि लेखक आत कसा गेला हे विचारायची सोय नाही. विचारलं तर तुमची निष्ठा काढतात.

थांबा. चिठ्ठी आलीय. 'सर, 8 मिनिटं. हॉल साडेसातला भजनी मंडळाला दिलाय.' सही नाही, पंच नाहीत. पण अक्षर अध्यक्षांचंच दिसतंय, कारण ते माझ्याकडं बघत नाहीयेत. आठ मिनिटं. मी पंचवीस मिनिटांचा मुद्दा आणला होता.

पटापट सांगतो. कल्पना करू नका असं मी म्हणत नाही. कल्पना नको असेल तर बखर वाचा, आणि बखरीत तर कल्पना कादंबरीहून जास्त असते. माझी मागणी मुद्देमाल कारकुनाची आहे, चिठ्ठी लावा. हे पत्र खरं आहे, हा प्रसंग बखरीतला आहे, हे पात्र माझं आहे. पुस्तकाच्या शेवटी तीन पानं पुरतात. सॅन्सम तसं करतो. आपल्याकडं 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांचं ते दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलंय, ते काय आहे? लेखकाची उलटतपासणीच आहे, आणि लेखकानं ती स्वतःच्या पुस्तकात सुरुवातीलाच छापू दिली. हा केवढा दिलदारपणा! तो पायंडा पुढं का पडला नाही, ही माझी तक्रार आहे. आज सातशे पानांचं पुस्तक हातात येतं, वर सील, मागं नामवंतांच्या सह्या, आणि आत? ते गुळाचं पोतं आठवा.

दुसरं, आपल्या इतिहासात न सुटलेल्या केसेसचा ढीग पडलाय आणि आपण त्या तपासाला घेत नाही. 'ध'चा 'मा' सगळ्यांना पाठ. नारायणराव 1773 ला शनिवारवाड्यात मारले गेले, बाईनं एक अक्षर बदललं, संपलं. पण तो कागद मोडीत असणार, मोडीत शब्द तोडत नाहीत, हात उचलत नाहीत, आधी रेघ, मग सलग अक्षरं. त्या ओघात एक अक्षर मागाहून बदलता येतं का, हे एखाद्या टे बाईनं टेबलावर कागद घेऊन करून बघितलं असतं. आम्ही आनंदीबाईला दोषी ठरवून मोकळे झालो, मुद्देमाल न बघता.

कावळा नाक्यावरून जाता ना, ताराराणींच्या पुतळ्याखालून? या बाईंनी साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या शेवटच्या दिवसांत सांगितलं की माझा नातू लपवून वाढवलाय, तो रामराजा. 1750 ला तो साताऱ्याच्या गादीवर बसला. त्याच वर्षी बाईंनीच त्याला कैद केलं आणि म्हणाल्या, हा माझा नातू नाहीच. 1752 ला जेजुरीच्या खंडोबापुढं शपथसुद्धा घेतली. आधीचं खरं की नंतरचं? एकच साक्षीदार, दोन उलट जबाब. याहून मोठी रहस्यकथा अख्ख्या युरोपात दाखवा. संगमेश्वरचं, 1689 चं, फितूर कोण, तिथं मी मुद्दाम जात नाही. मुकर्रबखान घाट उतरला तो आपल्या कोल्हापूरच्या बाजूनंच, एवढंच सांगून गप्प बसतो.

किती राहिली? चार? बरं. शेवटची केस. जुलै 1815, पंढरपूर. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, म्हणजे राजदूत, गंगाधरशास्त्री पटवर्धन, इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आलेले, पेशव्यांबरोबर पंढरपूरला गेलेले. अंगात ताप. दर्शनाला चला म्हणून पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांचे निरोपावर निरोप. शेवटी गेले, आणि विठोबाच्या देवळातून परतताना रस्त्यात तलवारीनं तोडले. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन म्हणाला, त्रिंबकजी. बाजीरावाला त्याला इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. ठाण्याच्या किल्ल्यात ठेवला. पहाऱ्याला गोरे शिपाई. बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणं म्हणायचा, आणि पळून कसं जायचं ते गाण्यातून सांगायचा. गोऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. 1816 ला त्रिंबकजी पसार! आणि या खुनाच्या भांडणातून 1817 चा तह, आणि 1818 ला पेशवाई खलास. एका खुनात राज्य बुडालं. पण उघडा खटला चालला का? साक्षी झाल्या का? शास्त्र्यांचे बडोद्यातले वैरी होते, त्यांचे लोक पुण्यात होते. आरोप करणारा एल्फिन्स्टन, तपास करणारा एल्फिन्स्टन, आणि फायदा कुणाचा? रहस्यकथेचा पहिला प्रश्न, फायदा कुणाचा? मी त्रिंबकजीला निर्दोष म्हणत नाही. मी चिठ्ठी मागतोय.

ना. सं. इनामदारांनी त्रिंबकजीवर 'झेप' लिहिली, 1963 साली. ज्याला सगळ्यांनी खलनायक ठरवलं त्याला नायक केलं, हे धाडसच. त्याबद्दल बरंच बोलायचं होतं, ते आता राहिलं. फक्त हे दाखवतो. ही आत्तीची प्रत. पुरात वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. आत पहिलं कोरं पान आहे, त्यावर आत्तीच्या पेन्सिलीनं, 'शास्त्र्यांना कुणी मारलं?' खाली नेहमीसारखी लांब रेघ. आणि रेघेखाली नाव लिहिलेलं होतं, ते तिनं खोडलंय. रबरानं, चांगलं घासून, कागद पातळ होईपर्यंत. आयुष्यात तिनं खोडलेलं मी बघितलेलं हे एकच.

दिवा तिरपा धरला की कागदावर दाब दिसतो. मला सुरुवातीचं अक्षर 'त्र' वाटतं. नातवाला 'ब' वाटतं. बायको म्हणते, 'ए' आहे. मी टॉर्च आणलीय. भजनी मंडळ पेटी लावेपर्यंत ज्यांना बघायचंय त्यांनी एकेक करून पुढं या. फक्त पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका.